फुकटचा आवाज, विकतचा आवाज

शालनताई जगदाळ्यांच्या घरातली कुकरची शिट्टी सोमवारी गेली. भात शिजला, वाफ नाकाला लागली, पण शिट्टी वाजली ती आतल्या खोलीत, संगणकातून.

संगणकात नुकताच एक फुकटचा आवाज बसवला होता. शालनताईंना दिसत नाही. पडद्यावरचं सगळं तो वाचून दाखवायचा, एकेक शब्द सुटा: "खिडकी. यादी. बटण. दाबण्यासाठी एंटर." आला तेव्हा पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा होता. शिट्टी मिळाली आणि त्याला सूर फुटला. मंगळवारी दारावरची घंटा गेली, तसा आणखी गोड झाला. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात काढलेली बाई; आवाजातलं तिला कुणी सांगायला नको.

"अहो, फुकटचा म्हणतात, पण हा घेतोय आपल्याच घरातून."

"तुला उगाच संशय," रघुनाथराव म्हणाले. "उद्या म्हणशील, तुमचा खोकलाही नेला."

बुधवारी खोकला नेला. गुरुवारी रघुनाथरावांनी नुसतंच तोंड उघडलं, आणि बातम्या वाचता वाचता संगणक त्यांच्या आवाजात म्हणाला, "अगं, चहा टाक."

मग शालनताईंनी विकतचा आवाज मागवला. आधी वापरून बघायचा, पटला तर पैसे. तो पाऊण तास बोलायचा, मग गप्प; संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागायचा. हसू नका, पण संगणकाबरोबर घरही पुन्हा सुरू व्हायचं. प्यालेला चहा कपात परत यायचा, दार करकरायचं, आणि रघुनाथराव आत येत म्हणायचे, "अगं, मेथी बघ किती कोवळी मिळाली." स्वतःच्या आवाजात. पाऊण तास घरभर बडबडत फिरायचे. मग तेही गप्प. मग पुन्हा मेथी.

शालनताईंनी कंपनीला फोन लावला. "विकत घेतलं तर?"

"मग मुदत नाही, मॅडम. कायमचं."

"आमच्या ह्यांच्यासकट?"

"लायसन एका मशीनपुरतं असतं." फोनवरचा माणूस पुढे म्हणाला, "मेथी कोवळी आहे ना?"

मेथीचं त्यांनी त्याला सांगितलं नव्हतं. पण स्वयंपाकघरात रघुनाथराव गुणगुणत होते, आणि पाऊण तास सरत आला होता. शालनताईंनी पैसे भरून टाकले.

घाईत एक राहिलं. नवा कायमचा करताना जुना बंद करायचा असतो. नाहीतर दोघं एकदम बोलू लागतात.

तसे ते बोलू लागले. इतकं भरभर, की दुसऱ्या कुणाला नुसती भुणभुण वाटली असती. शालनताईंना शब्द न् शब्द कळत होता. पडद्यावरचं ते काहीच वाचत नव्हते.

"खोकला तुझा."

"गुणगुणणं माझं."

"आणि बाई?"

"ती ऐकतेय."

दोघं थांबले. स्वयंपाकघरातलं गुणगुणणंही थांबलं.

"अहो," शालनताई म्हणाल्या.

उंबऱ्यातून रघुनाथरावांचा आवाज आला, एकेक शब्द सुटा. "खुर्ची. बाई. बटण. दाबण्यासाठी एंटर."

पावलं जवळ आली, आणि मेथीचा वास असलेलं एक गार बोट त्यांच्या कपाळावर टेकलं.