बासष्टच्या बासष्ट ठीक

कॉलेजच्या विभागाचा हुकूम होता: दर सोमवारी बाराच्या आत वर्गातल्या सगळ्यांचा 'मनःस्वास्थ्य' फॉर्म गेलाच पाहिजे. साथ आल्यापासून मुलं घरोघरी कोंडलेली, ऑनलाइन तासाला कॅमेरे बंद, असल्या फॉर्मला विचारतो कोण? तगादा मात्र वर्गप्रतिनिधीच्या मागे. त्याला सगळे मॉनिटर म्हणायचे. पहिल्या आठवड्यात बिचाऱ्यानं प्रत्येकाच्या हातापाया पडून फॉर्म भरून घेतले. दुसऱ्यापासून त्यानं अक्कल चालवली. हजेरी क्रमांक टाकला की कुणाचाही फॉर्म उघडायचा. झोप? ठीक. भूक? ठीक. भीती वाटते? छे! अर्ध्या तासात बासष्टच्या बासष्ट ठणठणीत. डॉक्टरांना तरी जमलं असतं का?

सहाव्या सोमवारी फॉर्म पाठवून तो जेवायला उठतोय, तोच समुपदेशक मॅडमचा फोन आला.

"सतरा नंबरची मुलगी तुझ्या ओळखीची आहे का रे?"

"हो मॅडम. बडबडी म्हणतो आम्ही तिला."

"कालपासून दार लावून बसलीये. आईला आतून ओ देते, पण दार उघडत नाही, जेवत नाही. माझा फोनही उचलत नाही. तू लावून बघ. मला एक कळत नाही. पहिल्या आठवड्यात तिनं लिहिलं होतं, झोप येत नाही, जीव नकोसा झालाय. माझी यादी ही एवढी मोठी. तिचा नंबर यायच्या आत पुढच्या सोमवारी तिचाच फॉर्म आला, सगळं ठीक. मग मी नाव काढून टाकलं."

तो फॉर्म मॉनिटरनंच भरला होता. अरे, आता तरी बोल! पण जीभ रेटेल तर शपथ. "लावतो," एवढंच तो म्हणाला.

पहिला फोन वाजून वाजून थांबला. दुसराही. "अरे, पान वाढलंय, गार होतंय," आई बाहेरून ओरडली. तो पुन्हा नंबर लावत राहिला. नको नको ते मनात येत होतं. तिसरा फोन तिकडून कट झाला. कट केला म्हणजे निदान हात हलतोय, एवढ्यावरही त्याला हायसं वाटलं. चौथा तिनं उचलला.

"काय आहे?" आवाज पार बसलेला.

"तुझे फॉर्म मी भरत होतो," तो एका दमात म्हणाला. "पाच आठवडे. ठीक लिहीत होतो. म्हणून मॅडमनी फोन केला नाही."



"मला वाटलं, वाचून सोडून दिलं," ती म्हणाली. "एवढं लिहूनही कुणी विचारत नाही, म्हणजे आपण मेलो काय नि जगलो काय." मग एकदम फुटलीच. "गाढवा! नालायका! कुणी सांगितलं होतं तुला?"

"दे शिव्या. हव्या तेवढ्या दे." त्यालाही रडू आवरेना. तिनं खरंच दिल्या, बडबडी ती! दमली तेव्हा तिनं विचारलं, "स्वतःच्या फॉर्मवर काय लिहायचास?"

"ठीक."

"आणि झोप?"

"महिना झाला, लागत नाही."

"मग मॅडमना सांग की, मूर्खा. माझंही सांग, तुझंही."

"सांगतो. आत्ता सांगतो."

"थांब जरा. आधी दार उघडते. फोन ठेवू नकोस."

कडी सरकल्याचा आवाज त्याला ऐकू आला, आणि मग तिच्या आईचं रडणं.