पाटी कुठे अडली

मिसाओ कुवाबारांनी सूचना लिहिली, घरोघर फिरणाऱ्या पाटीला चिमट्याने अडकवली आणि नवऱ्याच्या हातात दिली. गल्लीची रीत जुनी होती: वाचा, शिक्का मारा, शेजारी द्या. समाजमंदिरात मुलांच्या खोलीच्या खिडकीखाली सिगारेटवाल्यांचा ॲशट्रे उभा होता. तो हलवायचा की नाही, हे रविवारी सभेत ठरणार होतं; सूचना त्या सभेचीच होती. शनिवार उजाडला तरी सभा कधी, याचा गल्लीत कुणाला पत्ता नव्हता.

शेजारी नेगिशींचं तंबाखूचं दुकान. मिसाओबाई तडक तिथे गेल्या.

"पाटी दाबून ठेवलीत ना?"

"मी? मला तर तुमच्या विरोधात हात वर करायचाय, बाई. पण सभा कधी, ते पाटीशिवाय कसं कळणार?" नेगिशी गल्ल्यावर रेलले. "दोन झुरक्यांनी पोरांचं असं काय होणार आहे?"

बाईंची सगळी नोकरी प्रयोगशाळेत याच प्रश्नावर गेली होती.

"पेशी शेजारणीशी बोलतात, नेगिशीसान. मधल्या भिंतीला बारीक झरोके असतात. त्यातून निरोप जातो, 'पुरे, आता वाढू नकोस.' धूर ते झरोके बंद करतो. मग एखादी आधीच बिघडलेली पेशी असली, की तिला आवरायला कुणी उरत नाही. गाठीला असं खतपाणी मिळतं."

"म्हणजे आपल्या पाटीसारखंच. मध्ये एक जण बसला की संपलं."

"तो एक जण तुम्ही. यांनी स्वतः आणून दिली तुम्हाला."

"कुवाबारासाहेबांनी? ते रोज येतात. पाकीट घेतात, जातात. पाटी नाही आणली."

"त्यांनी सिगारेट सोडलीय."

नेगिशींनी फळीवरची मुळातच सरळ असलेली पाकिटं पुन्हा सरळ केली.

मिसाओबाई घरी परतल्या, तर घरामागच्या अडगळीच्या खोलीआड त्यांचे यजमान कुवाबारा उकिडवे बसले होते. पाटी मांडीवर होती. हातातल्या सिगारेटची राख थेट 'रविवारी' या शब्दावर पडत होती.

"देणारच होतो गं."

"कधी?"

"रविवार उलटला की."

मिसाओबाईंचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं कुवाबारांना वाटलं.

"उठा. आत्ता घरोघर जायचं. पहिलं घर नेगिशींचं."

"उशीर का झाला विचारलं तर?"

"खरं सांगायचं. प्रत्येक दारात."

"निदान राख तरी झटकू दे."

"राहू दे. सूचनेत तेवढंच लिहायचं राहिलं होतं."