अंगठ्याएवढा पोचा

मी एक जुनं पितळी चिपटं आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या निम्म्या जणांना चिपटं म्हणजे काय तेच ठाऊक नसणार, हे मी धरूनच चाललोय. घरी आजी असेल तर तिला विचारा. घरोघरी वजनकाटे नव्हते, तेव्हा धान्य आम्ही मोजत होतो. शेर, मापटं, चिपटं अशी आमची भावंडं. ओंजळभर ज्वारी माझ्यात मावते. दिसायला मी मोठ्या पेल्यासारखं, पण मला पेला म्हणू नका. पाणी प्यायला मी जन्मलेलो नाही.

आता मी लोहाऱ्यात स्टँडजवळच्या एका हॉटेलात राहतो. पाटीवर काहीतरी भलतंच नाव आहे, पण सगळे त्याला ‘जमिलाबीचं हॉटेल’ म्हणतात. तिथं एकच जिन्नस मिळतो, दालचा-खाना. मटण, डाळ आणि दुधी भोपळ्याचा चिंच घातलेला दालचा, आणि त्याच्याबरोबर मोकळा, वाफाळता भात. त्यातलं मटण, डाळ, तांदूळ काट्यावर तोलतात. मीठ आणि मसाला मात्र मी मोजतो. म्हणजे चव कुणाच्या हातात, तुम्हीच सांगा!

जमिलाबीचं लग्न झालं, तेव्हा तिच्या माहेरच्यांनी मला भांड्यांबरोबर दिलं. सासर माकणीचं. तिथं मी बरीच वर्षं गुमान ज्वारी मोजली. मग तिच्या नवऱ्याच्या, सरदारच्या मनात आलं, लोहाऱ्याला हॉटेल टाकायचं. सगळी भांडी पोत्यात भरून त्यानं जीपच्या टपावर चढवली आणि पोत्याचं तोंड बांधायचं विसरला. लोहाऱ्यात शिरताना ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि मी वरून थेट रस्त्याकडेच्या दगडावर! अरारारा! माझ्या कुशीत हा एवढा पोचा आला.

जमिलाबी अशी भडकली म्हणता, की विचारू नका. सरदार आपला शांत. म्हणाला, “अगं, पोचाच आलाय. भोक तर न्हाय पडलं?” ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी मसाला मोजायला तिनं मला उचललं आणि तिचा अंगठा त्या पोच्यात नीट जाऊन बसला. घाईत, तेलकट हातानं धरलं तरी मी निसटेना. तेव्हापासून ती मला तसंच धरू लागली.

सुरुवातीला दालचा कधी अळणी, कधी खारट होई. रोज थोडं कमी-जास्त करून शेवटी तिला माप सापडलं. दालच्याच्या मोठ्या देगीला एक चिपटं मीठ, दोन चिपटी मसाला. शीग नको, बोट फिरवून सपाट. त्यानंतर सरदार गेला, मुलगा वसीम मोठा झाला, मुलगी सानियाचं लग्न झालं, पण हे माप हललं नाही.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे माकणीचे रामकिसन. बाजाराच्या दिवशी ते यायचेच. भिंतीकडेच्या बाकावर बसायचे, ताट रिकामं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचे नाहीत, आणि हात धुतल्यावर आत डोकावून म्हणायचे, “भाबी, तीच चव!” वर्षानुवर्षं तेच दोन शब्द. जमिलाबी हसायची. आणि खरं सांगू का, मित्रांनो, ती दाद मी माझीच समजायचो.

गेल्या वर्षी जमिलाबीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, चुलीच्या धुरापाशी जायचं नाही. म्हणून ती महिना-दोन महिने सोलापूरला सानियाकडं राहायला गेली. जाताना मला सुनेच्या, झरीनच्या हातात देऊन म्हणाली, “मीठ-मसाला याच्यानंच मोज. दुसऱ्या कशानं न्हाय.”

झरीन मोठी गुणाची पोर. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही तिनं. घोटाळा झाला तो प्रेमापोटी. ईद जवळ आली होती. सासूबाई परत येतील तेव्हा सगळी भांडी लखलखीत दिसावीत म्हणून तिनं दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडं देगी दिल्या, आणि त्यांच्याबरोबर मलाही. कल्हईवाल्यानं मला फिरवून बघितलं आणि विचारलं, “पोचा काढून देऊ का बाई?” झरीन म्हणाली, “काढा की. अम्मी खूश होतील.”

झालं! आतून मोगरी घालून त्यानं मला ठोकठोक ठोकलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुशीतलं दुखणं गेलं, अंग गोल गरगरीत झालं, उन्हात चमकलो. मी नुसता मिरवत परत आलो.

दुसऱ्याच दिवशी दालचा खारट झाला.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. पोच्यानं अडवलेली जागा मोकळी झाली होती. माप तेच, सपाट तसंच, बोट फिरवायची रीत तीच, पण माझ्यात मीठ जास्त मावत होतं. प्रत्येक देगीत दोन-तीन चमचे मीठ फुकटचं पडत होतं, मसाल्याचं तर विचारूच नका. मी ओरडून सांगायला बघत होतो, अगं, मी बदललोय! पण पितळेचं बोलणं कोण ऐकतो?

झरीननं त्याच्या पुढच्या दिवशी अंदाजानं मीठ कमी घातलं. झालं अळणी. तिसऱ्या दिवशी जमलं. चौथ्या दिवशी सासूच्या शब्दाला जागून तिनं मला सपाट भरलं, तर पुन्हा खारट. वसीमनं मिठाची पिशवी बदलली, मसाला दळायची गिरणी बदलली, पाण्यावर खापर फोडून बघितलं. गिऱ्हाइकं ताटात भात तसाच टाकून उठू लागली. एकटे रामकिसन तेवढे येत राहिले. दर वेळी मुकाट जेवायचे, हात धुवायचे, आणि आत न डोकावता निघून जायचे. ते दोन शब्द न ऐकता बाजाराचा दिवस मावळला की माझ्या जिवाला चैन पडायचं नाही.

मग एका बाजारी ते उमरग्याच्या व्याह्यांना घेऊन आले. वाटेवर सगळी जीपभर त्यांनी या दालच्याची तारीफ केली असणार, कारण व्याही बाह्या सरसावूनच बसले होते. पहिला घास घेतला आणि व्याह्यांनी पाण्याचा तांब्या ओढला. दुसरा घास घेतलाच नाही. मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, “पाव्हणं, तुमच्याकडं मीठ लई स्वस्त हाय वाटतं!”

रामकिसनचा चेहरा एवढासा झाला. ते उठून वसीमपाशी आले. रागापेक्षा त्यांच्या आवाजात दुःखच जास्त होतं.

“वसीम, कायमचं बिघडलं असतं ना, तर सोडून दिलं असतं बाबा. पण एकदा झक्कास, एकदा तोंडात धरवत न्हाय. माणसानं यावं का न यावं? पुढच्या महिन्यात नातवाच्या जावळाची कंदुरी हाय. दर्ग्याला बोकड बोललोय, सारा गाव जेवणार, हे व्याही बी येणार. दालचा तुमचाच म्हणून सगळ्यांना सांगून बसलोय. आता मी काय करू, तूच सांग.”

रामकिसन गेल्यावर वसीम आत आला आणि झरीनला म्हणाला, “कंदुरीला मी उमरग्याहून बावर्ची आणतो. हॉटेल बी त्यालाच देऊ सांभाळायला. तुझ्या हाताला चव न्हाय, झरीन. नको जिवाला लावून घेऊ.”

झरीननं मला उचललं, घासलं, पुसलं आणि पदराआड धरून रडली. मित्रांनो, मला त्या क्षणी माझ्या चमकण्याची एवढी लाज वाटली, की पुन्हा कुणी मला त्या दगडावर आपटावं असं झालं. फोनवर मात्र ती सासूला रोज सांगायची, “सब ठीक है अम्मी, तुम्ही डोळे जपा.”

पण रामकिसन गप्प बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी थेट सोलापूरला फोन लावला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं काळा चष्मा लावलेली जमिलाबी स्टँडवर उतरली आणि कुणाला काही न विचारता भटारखान्यात शिरली. वसीम मागोमाग सांगत आला, “अम्मी, हिच्या हाताला चव न्हाय, मी बावर्ची आणतोय.”

“काय घालतीस, कसं घालतीस, माझ्यासमोर कर,” ती झरीनला म्हणाली.

झरीननं मीठ भरलं, बोट फिरवून सपाट केलं. जमिलाबी म्हणाली, “रीत तर बरोबर हाय. आण इकडं.” तिनं मला हातात घेतलं. अंगठा नेहमीच्या जागी गेला आणि घसरला. तिनं मला फिरवलं. पुन्हा घसरला. चष्म्याआडून तिला धड दिसत नव्हतं, पण अंगठ्याला दिसलं!

“माझा पोचा कुठंय?”

झरीन गांगरली. “अम्मी, ईदच्या आधी कल्हई केली. तुम्हाला बरं वाटंल म्हणून पोचा काढून घेतला.”

जमिलाबीला असं हसू फुटलं, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “या अल्ला! अगं पोरी, तो पोचा सरदारनं घातलेला. त्याच्यावरून दोन दिवस अबोला धरला मी. आन् चव सगळी त्या पोच्यात!” मग वसीमकडं वळून ती खणखणीत आवाजात म्हणाली, “हिच्या हाताला चव न्हाय म्हणालास? ही तर माझ्याच मापानं घालत होती. माप बदललं त्यात तिचा काय गुन्हा? बावर्ची आणायचा तो तुझ्यासाठी आण, हॉटेलातून तुलाच काढते.”

वसीमनं मान खाली घातली.

“आता बत्ता घे,” जमिलाबी झरीनला म्हणाली. “मी सांगते तिथं हाण.”

झरीनचं मन होईना. पण सासूनं मला आडवं धरलं, जागा दाखवली आणि पहिला टोला बसला. जमिलाबीनं अंगठा ठेवला. “उथळ हाय.” दुसरा बसला. “अजून थोडा. घाबरू नको, त्याला सवय हाय.” तिसरा दणक्यात बसला आणि जमिलाबीचा अंगठा माझ्या कुशीत जाऊन टेकला. मित्रांनो, मार खाऊन आनंदानं खणखणणारं भांडं जगात मी एकटंच असेन!

“आता तुझा अंगठा ठेव,” तिनं झरीनला सांगितलं. झरीननं ठेवला. तिचा अंगठा सासूपेक्षा बारीक, पण बसला तो नेमका तिथंच. लगेच एक देग चढवली. मीठ सपाट एक, मसाला सपाट दोन. दुपारी जमिलाबीनं डाव तोंडाला लावला आणि तो वसीमच्या हातात दिला. वसीमनं चाखला, बायकोकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, “चुकलो.” मग रामकिसनना फोन त्यानंच लावला.

कंदुरीच्या दिवशी मी माकणीला गेलो. या वेळी पोत्यात नाही, झरीनच्या मांडीवर बसून. दर्ग्यामागच्या कडुलिंबाखाली चार देगी मांडल्या होत्या. जमिलाबी धुरापासून लांब खुर्चीवर बसली होती आणि तिनं एकाही देगीत डोकावलं नाही. चारही देगींचं मीठ झरीननं माझ्याकडून मोजून घेतलं.

पंगत बसली. उमरग्याचे व्याही पहिल्या ओळीत, तांब्या शेजारी ओढूनच बसले होते. वसीमनं स्वतः वाढलं. व्याह्यांनी एक घास घेतला आणि थांबले. मी देगीच्या कडेला उलटं पडलो होतो, माझा जीव टांगणीला! रामकिसन तर वाढणं सोडून त्यांच्याकडंच बघत उभे होते. व्याह्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग भात दालच्यात असा कालवला की काय सांगू. तांब्या तसाच भरलेला राहिला. ताट पुढं करून ते म्हणाले, “वाढा की हो, बघत काय बसलाय?”

तीन वेळा मागून घेतलं त्यांनी! हात धुतल्यावर म्हणाले, “पाव्हणं, मिठाचं बोललो ते माघारी घेतो. असं कुणी केलं?”

वसीम छाती पुढं काढून म्हणाला, “आमच्या घरच्यांनी!”

रामकिसन देगीपाशी आले. चुलीच्या धगीनं लाल झालेल्या झरीनच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, “सूनबाई, तीच चव!” लांब खुर्चीवर बसलेल्या जमिलाबीनं टाळ्या वाजवल्या. माझं पितळ सुद्धा त्या दिवशी सोन्याच्या भावानं गेलं असतं, अशा दिमाखात मी घरी आलो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जरूर घासा, पुसा, जपा. पण त्यांचं काही सरळ करायच्या आधी, ज्यांनी त्या वापरल्या त्यांना एकदा विचारा. आमच्या अंगावरचं वाकडंतिकडं सगळंच बिघडलेलं नसतं. कधी कधी तिथं कुणाचा तरी अंगठा बसलेला असतो.

परवा तोच कल्हईवाला पुन्हा दारात आला. मला बघून त्यानं कपाळाला हात लावला. “अवो बाई, पुन्हा पोचा आला की! आणा, चटकन काढून देतो.”

झरीननं मला पटकन उचलून छातीशी धरलं. अंगठा आपसूक माझ्या कुशीत बसला.

“देगी सगळ्या घेऊन जा, काका,” ती म्हणाली. “याला हात लावाल तर बघा!”