स्वामींच्या गालावरची पाकळी

मी एक नाणं आहे, पण बाजारात कधी गेलं नाही. माझ्या एका अंगावर एका स्वामींचा चेहरा आहे. त्यांच्या जन्मशताब्दीला टांकसाळीत माझा जन्म झाला आणि डबीत बसून मी गोव्यात आलं.

मठातल्या उत्सवात बाबलीने मला घेतलं. डिचोलीच्या खाणींवर त्याने उभा जन्म ट्रक चालवलेला. पेडण्यातल्या हळर्ण गावी, त्याच्या घरी, त्याची बायको प्रभावती हिने डबी उघडली आणि म्हणाली, स्वामींना असं कोंडून ठेवायचं काय? तेव्हापासून माझी जागा देव्हाऱ्यात. ती मला चिंचेने घासायची. स्वामींचं नाक त्यात बरंच झिजलं, पण तिचा हात असा मायेचा की मी कधी कुरकुरलं नाही.

त्यांची एकुलती मुलगी प्रिया डिचोलीच्या एका कारखान्यात कामाला लागली. तिथल्या नितीनशी तिचं जुळलं. त्याचे आईवडील कोल्हापूरकडून कामासाठी आलेले. बाबलीला मुलगा आवडला. प्रभावतीला मात्र ते पटेना. घाटावरची माणसं, त्यांचं जेवण वेगळं, बोलणं वेगळं, लेक तिथे रुळेल कशी? यावर प्रियाने विचारलं, चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला वर कोण चढला होता, नितीनच ना? तेव्हा घाट नाही आठवला?

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा कौल देवळात घेतात. देवाच्या अंगाला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. गावात बोभाटा नको म्हणून प्रभावतीने मलाच तांदळात उभं रोवलं आणि स्वामींच्या दोन्ही गालांवर अबोलीच्या पाकळ्या लावल्या.

मी घाबरलं. मला काय कळतं लग्नातलं? दाराआड प्रिया उभी. उजवी पडू दे, एवढंच मी मनात म्हणत होतं. पण एकही पडली नाही. दुसऱ्या दिवशी नव्या पाकळ्या लावल्या, त्याही तशाच सुकल्या.

मग बाबलीने वाकून पाहिलं.

"अगो, देवळात पाण्यान लायतात. तू गंधान चिकटयल्यास. पडतल्यो कश्यो?" मग तो हळूच म्हणाला, "तुका उत्तरच नाका."

प्रभावतीने सुकलेल्या पाकळीवर बोट ठेवलं.

"उजवी पडली जाल्यार ती सासरी वतली," ती म्हणाली. "मागीर घरात कोण?"

"हांव आसा मगे. म्हातारो, पूण आसा."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने नखाने पाकळ्या सोडवल्या, पदराने माझं गंध पुसलं आणि दाराआडच्या प्रियाला, तिकडे न बघताच म्हणाली, "नितीनाक सांग, आवय-बापायक घेवन यो. च्या पिवया."

लेक सासरी निघाली तेव्हा प्रभावतीने मला तिच्या मुठीत दिलं. आता मी डिचोलीत, दोन खोल्यांच्या घरात, जोतिबाच्या तसबिरीशेजारी आहे. नितीनची आई मंजुळा मला गुलाल लावते, प्रिया तो चिंचेने काढते. स्वामींचा चेहरा आता अनोळखी माणसाला ओळखता येणार नाही.

प्रभावती अधूनमधून बसने येते. आधी माझ्यापुढे बसते, झिजलेल्या गालावरून अंगठा फिरवते, पण कौल विचारत नाही. लेकीला पाहून कसं बरं वाटलं, तेवढं सांगते. तुमच्याही देव्हाऱ्यात माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याच्याशी असंच बोला. उत्तर द्यायला आम्हांला तोंड नाही. ऐकायला मात्र आम्ही कायम बसलेलो आहोत.