चिमूटभर मीठ

फिल्टरवाल्याच्या धंद्यात दोन नियम होते. पहिला, गिऱ्हाइकाच्याच नळाचं पाणी गिऱ्हाइकाच्याच पेल्यात घ्यायचं, म्हणजे संशयाला जागा उरत नाही. दुसरा, घरातल्या कुणी मिठाचं नाव काढलं की बॅग आवरायची आणि हसतमुखाने निघायचं. हा दुसरा नियम ऐकून त्याने सुरुवातीलाच कारण विचारलं होतं, आणि शिकवणाऱ्याने ते सांगितलंही होतं. म्हणजे अकरा वर्षं तो जे करत होता ते डोळे उघडे ठेवून करत होता. अज्ञानाची सबब त्याच्याकडे नव्हती.

प्रयोग मात्र झकास होता. एका पेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात आपल्या मोठ्या फिल्टरचं. दोन्हींत विजेच्या छोट्या यंत्राच्या लोखंडी कांड्या सोडायच्या आणि बटण दाबायचं. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं पडायचं, मग हिरवट, मग थेट गटारासारखं तपकिरी, वर फेसाचा थर. फिल्टरचं पाणी जसंच्या तसं. "अगं बाई, हे आम्ही पितो?" असं कुणीतरी म्हणायचंच. मग तो चेहरा पाडून हळूच मान हलवायचा. तो पाडलेला चेहरासुद्धा शिकवलेला होता.

त्याची मुलगी आठवीत होती. घरात तिला वकीलबाई म्हणत, कारण कुणावर अन्याय झाला असं तिला वाटलं की ती फी न घेता खटला लढवायची. एका संध्याकाळी ती त्याच्या बॅगेपाशी येऊन बसली.

"विज्ञान प्रदर्शनात मी तुमचा प्रयोग करणार. कांड्या द्या."

"त्यापेक्षा ज्वालामुखी कर की."

"ज्वालामुखी दरवर्षी चार जण करतात. माझे बाबा लोकांना घाण पाण्यापासून वाचवतात, हे आहे का दुसऱ्या कुणाकडे?"

तिथेच त्याने बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं, फार तर दोन. पण पोर ज्या नजरेने बघत होती तशी नजर त्याच्या वाट्याला दिवसभरात दुसरीकडे कुठे येत नव्हती. दारं तर निम्मी तोंडावरच आपटायची. मिठाचं सुचणार आहे कुणाला, असं मनाशी म्हणत त्याने यंत्र आणि मोठ्या फिल्टरच्या पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. मोह वाईट असतो म्हणतात, पण कौतुकाचा मोह त्यातही वाईट.

सुचलं ते विज्ञानाच्या बाईंना.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी वकीलबाईचं टेबल खिडकीजवळ होतं. नळाचं पाणी तपकिरी झालं तेव्हा जमलेले आईबाप "बाप रे" म्हणाले, एकाने तर हातातली बाटली गुपचूप पिशवीत सारली. फिल्टरवाला मागे भिंतीला टेकून उभा होता आणि खोटं कशाला बोला, त्याची छाती फुगली होती. तेवढ्यात बाई आल्या. चष्मा कपाळावर, हातात गुणांची वही.

"छान मांडलंस," त्या म्हणाल्या. "आता या स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकू या."

फिल्टरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. नियम त्याला आठवला. बॅग आवरायची, हसायचं, निघायचं. पण टेबलामागे स्वतःची मुलगी उभी असताना माणूस निघून जाणार कुठे?

शेजारच्या टेबलावर मीठ होतं. बाईंनी ते टाकलं, ढवळलं आणि स्वतः बटण दाबलं. इतका वेळ आरशासारखं असलेलं पाणी बघता बघता तपकिरी झालं, नळाच्या पाण्याहूनही लवकर.

"घाण पाण्यातली नव्हती," बाई शांतपणे म्हणाल्या. "कांडी विरघळते, त्याचा हा गंज. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. मीठ टाकलं की जाते."

"मग पाणी चांगलं की वाईट, ते कळणार कसं?" मुलीचा आवाज बारीक झाला होता.

"प्रयोगशाळेत तपासून. पाण्यात शिसं असलं तर त्याला ना रंग, ना वास, ना चव. आधी पाण्यात काय आहे ते बघायचं आणि मग त्यावर चालेल तो फिल्टर घ्यायचा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुलीचे कान लाल झाले. ती वळली.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं हे?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे फिरल्या.

"नाही गं," तो म्हणाला. "कंपनीने शिकवलं, तसं आपलं..."

बाई त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. इतकी वर्षं मुलांच्या थापा ऐकलेल्या बाईला काय कळायचं राहणार! पण वकीलबाई केव्हाच उभी राहिली होती.

"बघा बाई, माझ्या बाबांना फसवलंय. ते खोटं नाही बोलत. मी सांगते ना!"

"तू सांगतेस ना," बाई म्हणाल्या, "मग मी मानते." आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण जमीन शाळेची होती, फरशीची, पक्की.

घरी येईपर्यंत वकीलबाईने सगळं ठरवूनसुद्धा टाकलं होतं. ज्यांना ज्यांना प्रयोग दाखवला त्यांच्या घरी जायचं आणि खरं सांगायचं. ती बरोबर येणार होती. "तुम्हाला एकट्याला वाईट वाटेल ना, म्हणून."

तो न्हाणीघरात कांड्या घासत बसला. गंज निघत होता, पण तो घासतच राहिला. बायको दवाखान्यात दुपारच्या पाळीला होती, तेवढंच त्याला बरं वाटलं.

"गिऱ्हाइकांची यादी कुठे आहे?" बाहेरून मुलीने विचारलं.

"कपाटाच्या खालच्या खणात," तो बोलून गेला. बोलला आणि कांडी टाकून धडपडत उठला.

बाहेर येईपर्यंत उशीर झाला होता. ती फरशीवर बसली होती. मांडीवर यादी तशीच होती. हातात दुसराच कागद होता, प्रयोगशाळेचा, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा. जंतू नाहीत. क्षार मर्यादेत. शिसं मर्यादेपेक्षा जास्त, जुना पाइप असण्याची शक्यता. आणि कडेला त्याचं स्वतःचं अक्षर: 'मोठा फिल्टर नको. शिसं अडवणारा कार्बनचा पुरे.'

तो छोटा फिल्टर ओट्याखाली बसवलेला होता. आपल्याकडे मोठा का नाही, असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा "दिव्याखाली अंधार!" म्हणून त्याने हसण्यावारी नेलं होतं.

"तीन वर्षांपूर्वीचा आहे हा," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे पाणी कसं तपासतात ते माहीत होतं."

"हो."

"आणि मिठाचं?"

"तेही माहीत होतं."

"पाइप तर सगळ्या गल्लीचा एकच आहे. शेजारच्या काकूंना सांगितलंत, शिसं आहे म्हणून?"

त्याने नकारार्थी मान हलवली. सांगितलं असतं तर सगळ्यांनी पाणी तपासून घेतलं असतं, मग कांड्या कुणाला दाखवायच्या? हे बोलायची त्याला लाज वाटली. लाज वाटण्याजोगं एवढंच उरलं होतं असं नाही, पण ती आता एकदमच आली, अकरा वर्षांची.

तो तिच्यासमोर खाली बसला. ती ओरडेल, रडेल, म्हणून त्याने मन घट्ट केलं. ती रडली नाही. तिने कागद होत्या त्याच घड्यांवर नीट मिटला आणि त्याच्या हातात ठेवला.

"प्रदर्शन उद्याही आहे," ती म्हणाली. "बाईंना तुम्ही येऊन सांगा. मी सांगितलेलं त्या आता कशाला खरं मानतील?"