खारे पाणी प्यायलेला बुरूज

मी बुरूज आहे खरा, पण माझ्यावरून आजवर कुणी साधा दगडही भिरकावलेला नाही, मित्रांनो. कतारमधल्या दोहा शहराच्या उत्तरेला उम्म सलाल मोहम्मद नावाचे गाव आहे. तिथल्या एका खजुरीच्या शेतवाडीत मी उभा आहे. माझ्या पोटात धान्य नाही की डोक्यावर पाण्याची टाकी नाही. वाडीतली माणसे मला 'बिनकामाचा' म्हणतात, आणि त्यात खोटे काही नाही.

माझा जन्म १९७५ सालचा. वाडीचे मालक रहमान साहेब, ज्यांना सगळे अरबाब, म्हणजे धनी, म्हणत, विलायतेला जाऊन आले होते. तिथल्या एका जमीनदाराच्या बागेत निव्वळ हौसेखातर बांधलेला मनोरा त्यांच्या मनात भरला. परत आल्यावर त्यांनी गवंडी शोधला. तो म्हणजे माण तालुक्यातला धोंडीराम. बुरूज कशासाठी, असे त्याने विचारले, तेव्हा अरबाब म्हणाले, बघण्यासाठी. धोंडीरामला त्यात काही वावगे वाटले नाही.

त्याने मला जीव लावून बांधले. गिलावा झाल्यावर गावच्या रीतीने तो सकाळ-संध्याकाळ माझ्यावर पाणी मारायचा. सिमेंट तहानलेले राहिले तर भिंत कच्ची राहते, हे त्याला वडिलांनी शिकवले होते. पाणी वाडीतल्या विहिरीचे. माणसारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाला भरलेली विहीर दिसली की त्याचा हात आखडत नाही. पिण्याचे पाणी टँकरने यायचे, त्यामुळे विहिरीचा घोट त्याने कधी घेतलाच नव्हता. खजुरी हिरव्यागार होत्या, मग शंका तरी कशी यावी? मित्रांनो, ते पाणी खारे होते; खजुरीला ते चालते, भिंतीला नाही. मी ते पोटभर प्यायलो.

पहिली काही वर्षे माझे कौतुक झाले. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. तसा एक फोटो धोंडीरामने बायकोला, मुक्ताबाईला धाडला. पुढे तो इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत लागला, तरी जमेल त्या शुक्रवारी माझ्या सावलीत येऊन बसायचा. टेपरेकॉर्डरवर मुक्ताबाईने भरून पाठवलेली कॅसेट ऐकायचा. तिचा आवाज मला ओळखू येऊ लागला होता.

मग माझ्या अंगावर लोणा, म्हणजे मिठाचा थर, फुटला. आधी पायाशी पांढरी भुकटी दिसली, मग गिलाव्याचे पोपडे सुटले. एके दिवशी अरबाबांची नातवंडे खेळत होती तिथून हातभरावर मोठा खपला कोसळला. अरबाब हादरले. त्यांनी धोंडीरामला बोलावून सांगितले की ज्याने बांधला त्यानेच हा पाडावा. समुद्राची हवा याला बाधली, असेही ते म्हणाले.

टँकर चालवणारा जहूर त्या दिवशी तिथेच होता. तो रत्नागिरीचा, खाडीकाठचा. त्याने माझी भुकटी बोटावर घेऊन जिभेला लावली, मग विहिरीचे पाणी चाखून थुंकला.

"धोंडीरामभाऊ, हवा नाय ही," तो हळू म्हणाला. "आमच्याकडे खाडीच्या विहिरीचा पानी भिंतीला कोन लावीत नाय."

धोंडीराम उलट्या घमेल्यावर बसला. गप्प राहिला असता तर दोष हवेवर गेला असता. पण त्याच आठवड्यात आलेल्या कॅसेटमध्ये मुक्ताबाईने विचारले होते, "तुमचा बुरूज हाय न्हवं अजून? पोरगी शाळंत समद्यांस्नी सांगती, माझ्या बानं बांधलाय म्हणून." आयुष्यभर त्याने कंपन्यांच्या भिंती बांधल्या. त्याच्या लेकीने आपल्या बापाचा म्हणावा असा मी एकटाच होतो.

तो उठून अरबाबांकडे गेला. "अरबाब, खारा पानी मैंने मारा," तो म्हणाला. "गलती मेरा है. एक मौका दो."

अरबाबांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, वरचा मजला उतरव, उंचावरून काही पडायला नको; उरलेला सांभाळून बघ. उन्हाळा संपेपर्यंत पुन्हा पडझड झाली तर मात्र खलास.

तो सारा हिवाळा धोंडीरामने सुट्टीचे शुक्रवार मला दिले. ज्या हातांनी माझा माथा रचला, त्याच हातांनी तो एकेक दगड उतरवला. दुखले का, असे विचाराल तर हो, फार दुखले. जहूर टँकरच्या तळाशी उरलेले गोडे पाणी आणायचा. धोंडीरामने खारा गिलावा खरवडून मला त्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले आणि चुन्याचा नवा गिलावा चढवला. उन्हाळा गेला. मी उभा होतो. माझ्या सावलीत बसून त्याने कॅसेट भरली, "बुरूज हाय गं. जरा बुटका केलाय, पन हाय."

१९८६ साली कंपनीने माणसे कमी केली आणि धोंडीराम कायमचा गावी गेला. आता नवी माणसे येतात. माझ्यावर धूळ दिसली की प्रेमानेच विहिरीचा पाइप हातात घेतात. म्हणून वाडीत कुणी नवा आला की अजून टँकर घेऊन येणारा जहूर आधी त्याला विहिरीचा एक घोट चाखवतो. माणसाचे तोंड वाकडे झाले की तो माझ्याकडे बोट दाखवतो आणि सांगतो, "हेच त्याला पाजू नको."

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी जुनी, बिनकामाची भिंत असेल. तिच्यावर जरूर माया करा. पण तिला काय सोसते ते ती सांगणार नाही. धोंडीरामपेक्षा जास्त माया माझ्यावर कुणी केली नाही, आणि माझा माथा त्या मायेनेच गेला.