मुळांचं वजन

"हात लावायचा नाही."

तात्या ओरडला नाही, पण कॉलेजातून प्रयोगासाठी आलेल्या मॅडमसोबतच्या पोरींचे हात जागीच थांबले. एक रोप उपटून झालं होतं. अर्धी मुळं मातीतच राहिली होती.

गटाराचं पाणी साफ करणाऱ्या केंद्रावर तात्या माळी होता. तेच पाणी पाजून त्याने ही रोपं वाढवली. अर्ध्यांना नुसतं पाणी, अर्ध्यांना त्यात समुद्रशेवाळाचा अर्क. मॅडम त्याला जोमवर्धक म्हणायच्या, तात्या टॉनिक. गल्ली त्याला गटारमाळी म्हणायची आणि बायको आंघोळीशिवाय घरात घ्यायची नाही. त्याने सगळं गिळलं, कारण केंद्राच्या साहेबांनी शब्द दिला होता, की प्रयोग संपला की ही रोपं तुमच्या गल्लीत लावू. वास तुमच्या गल्लीने सोसला, तर सावलीही तुमच्याच गल्लीला. बायकोने टोमणे मारत मारत का होईना, दारासमोर खड्डे खणून ठेवले होते.

आता मॅडम सांगत होत्या, की सगळी रोपं उपटून, मुळं धुऊन, भट्टीत वाळवायची आणि तोलायची. नाहीतर टॉनिकने काय फरक पडला ते कळायचं कसं?

"आणि तोलून झाल्यावर?"

"टाकून देतो. तात्या, तुम्हाला साहेबांनी सांगितलं नाही?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच चिखलाच्या पायांनी साहेबांच्या खोलीत घुसला. साहेब म्हणाले, अरे, रोपंच ती, दुसरी लावू, घरचं कुणी गेल्यासारखं काय करतोस.

"रोपं माझी नव्हती, कबूल. शब्द तर तुमचा होता ना?"

साहेबांनी फोन उचलून कानाला लावला.

परत येताना वाटलं, सगळा वाफा पायाखाली तुडवावा. मग ते तुटक्या मुळांचं रोप दिसलं.

"व्हा बाजूला. केस उपटल्यासारखी ओढताय. काढायचीच तर मी काढतो."

त्याने माती भिजवली, बोटं खाली सरकवली आणि एकेक रोप अलगद उचललं. तोंडाने साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. हात मात्र तान्ह्याला न्हाऊ घालावं तसे मुळं धूत होते. टॉनिकवाल्यांची मुळं तर नुसत्या जटा. एकही तुटलं नाही.

संध्याकाळी बायको खड्डे शिंपून दारातच उभी होती.

"अहो, रिकामेच आलात?"

त्याने सांगितलं, आणि टोमण्याची वाट बघत उभा राहिला. ती आत जाऊन तांब्या घेऊन आली.

"हात पुढे करा. इथेच."

तो खड्ड्यावर वाकला. नखांतली माती सुटून खाली पडत होती. तांब्या रिता होईपर्यंत ती पाणी ओतत राहिली.